छपरातलं झाकण

भावजी, ते वेल्डिंगचे रॉड खराब नव्हते. तडा माझ्या नारळामुळे गेला होता.

तुम्ही आता उलट बोलायला नाही, म्हणून धीर करून सांगते आहे. ती रॉडची गोष्ट तुम्ही वर्षानुवर्षं सांगितलीत आणि मी दर वेळी तुमच्या पानात सुरमईचा तुकडा टाकत "हो का, कमाल आहे" म्हणत राहिले.

खंडेनवमी होती. तुम्ही वेल्डर होतात त्या यार्डात, शेडच्या मागच्या कोपऱ्यात, मालक बघूनही बघत नसे अशा बेताने, तुम्ही चार-पाच जण हत्यारांची पूजा करायचात. ग्राइंडर, हातोडे, वेल्डिंगचं मशीन, सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, आणि धूर बाहेर दिसू नये म्हणून उदबत्ती एकच. त्या वर्षी मला हौस आली. मी शारजातल्या आमच्या रोल्ला भागातून नटून आले. तेव्हाची मी म्हणजे काय ध्यान होतं ते तुम्ही पाहिलंय. जरीच्या काठाची साडी, उंच टाचांच्या सँडल, आणि खाली वाळू आणि ऑइल यांचा चिखल. पावलोपावली टाच रुतत होती आणि मी मात्र मिरवणुकीत चालल्यासारखी हसत होते.

मला वाटलं, या पुरुषांना काय पूजा कळते. गाडीची पूजा म्हणजे नारळ गाडीवरच फुटायला हवा. तुम्ही हात धुवायला गेला होतात. तुमचे दादा मालकाशी गप्पा मारत होते. समोर तो जुना सहा चाकी ट्रक उभा होता, दारावर नवीकोरी जाड प्लेट, आणि तिच्या कडेने तुम्ही नुकतीच वेल्डिंगची शिवण घातलेली. शिवण लाल दिसत नव्हती. लाल नाही म्हणजे गार. रोज तव्यावर बोटं पोळून घेणाऱ्या बाईला, तवा काळा असतानाच भाजतो हे आठवू नये, यावरून माझ्या तेव्हाच्या डोक्याची कल्पना करा. मी देवाचं नाव घेतलं आणि प्लेटच्या कोपऱ्यावर नारळ आपटला. पाणी शिवणीवरून ओघळलं, चर्र झालं, वाफ आली, आणि कुठून तरी आतून टिण् असा बारीकसा आवाज आला. मी वाफ पदराने वारली, खोबरं ताटात ठेवलं आणि चेहरा देवळातला करून उभी राहिले. तुम्ही आलात, प्रसाद खाल्लात, वहिनी छान केलंत म्हणालात.

पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जेवायला आलात ते धुमसतच. दाराची शिवण उभी तडकली होती, सगळी घासून काढून पुन्हा घालावी लागली होती. रॉड बनावट आहेत, जाळले की जळक्या साखरेचा वास येतो, असं तुम्ही म्हणालात. अख्खा खोका तुम्ही दुकानदाराच्या टेबलावर नेऊन आपटला होतात. त्या बिचाऱ्याने शपथा घेत घेत बदलून दिला. कडक पोलादाची शिवण गरम असताना तिच्यावर पाण्याचा थेंबही पडता कामा नये, ती आपली आपण हळूहळू निवायला हवी, हे त्याच जेवणात तुम्ही आम्हाला समजावून सांगितलंत. मला ठसका लागला. तुम्हीच पाणी पुढे केलंत.

तर ते एक. बाकीचं हसण्यासारखं नाही.

तुम्ही जाऊन महिनाही झाला नाही तोवर इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहा म्हणून फोन आला. जन्म, शिक्षण, आखातात आगमन, पासपोर्ट साइझ फोटो. मी म्हटलं, फोटो देते, बाकीचं मागू नका. जन्म तर तुम्हालाही ठाऊक नव्हता, शाळेच्या मास्तरांनी तुम्हाला सोयीने जूनमध्ये जन्माला घातलं होतं. शिक्षणाचा विषय निघाला की तुम्ही हात दाखवायचात, आणि त्या हातांवर ठिणग्यांचे इतके डाग होते की विचारणारा गप्प व्हायचा.

तुमचं कामही मी लोकांना कधी धड सांगितलं नाही. रोल्लातल्या हळदीकुंकवात बायका विचारायच्या, दीर काय करतात? मी म्हणायचे, "ऑटोमोबाइल बॉडी." इंग्रजीत सांगितलं की पुढचा प्रश्न येत नाही, हा माझा तेव्हाचा हिशेब. खरं काय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुठल्या तरी देशाच्या सैन्याने वापरून, कंटाळून लिलावात काढलेल्या गाड्या जहाजाने यायच्या. जुने ट्रक, जुन्या जीपा, एकदा तर साखळीपट्ट्यांवर चालणारी रणगाड्याची धाकटी बहीण. ज्या लढाईसाठी त्या बनवल्या ती लढाई केव्हाच संपलेली, ती लढणारे पोरगे आजोबा झालेले. तुम्ही त्यांना पुन्हा कामाला जुंपायचात. बाजूंना जाड प्लेटा, काचांपुढे नुसती बघण्यापुरती फट ठेवलेले पत्रे, खाली वाळूच्या पिशव्यांसाठी खण, आणि बाहेरून लोखंडी पट्ट्यांची जाळी, म्हणजे रॉकेट आलं तर अंगाला भिडायच्या आधी जाळीवरच फुटावं. मग त्या गाड्या दुसऱ्याच कुणाच्या लढाईत जायच्या. आधी तुम्ही इराक म्हणायचात. मग आफ्रिका म्हणायला लागलात, जणू आफ्रिका म्हणजे दापोलीजवळची एखादी वाडी. पुढे मालकाने सांगणं बंद केलं आणि तुम्ही विचारणं.

म्हाताऱ्या गाडीला चिलखत चढवलं की ती कशी थकते, हे तुम्ही मजेत सांगायचात. स्प्रिंगचे पाटे बसतात, ब्रेक ऐकत नाही, दार इतकं जड होतं की बिजागरीच वाकते. मी म्हणायचे, म्हणजे माझ्या लग्नातल्यासारखं. सासरच्यांनी इतके दागिने घातले की मला उठवायला दोन करवल्या लागल्या. तुमचे दादा यावर कधी हसले नाहीत. तुम्ही दर वेळी हसायचात.

आपलं भांडणही तिथूनच सुरू झालं. एका शुक्रवारी मी विचारलं, भावजी, तुमच्या त्या गाडीत बसून जाणारा माणूस हवा खायला तर जात नसणार. कुणाच्या तरी दारात गोळ्या झाडायलाच जात असणार ना?

"वहिनी, प्लेट नसली तरी तो जाणारच," तुम्ही म्हणालात. "उघडा जाईल, एवढंच."

मी म्हटलं, प्लेट असली की जास्त आत जाईल.

तुम्ही भात मागितलात. तुमच्याकडे उत्तर नसलं की तुम्ही भात मागायचात. मी वाढायचे आणि जिंकले असं समजायचे. काय ते माझं जिंकणं. ज्या माणसाच्या पगारातून आमच्या फ्लॅटच्या भाड्याला वर्षभर हातभार लागला होता, त्याला मी त्याच फ्लॅटमध्ये बसून नीतिमत्ता शिकवत होते.

आणि त्याच माणसाबद्दलची दुसरी एक आठवण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. सुधीर झाला तेव्हा तुमचे दादा अबूधाबीत साइटवर होते, कळवायचीही सोय नव्हती. बिल्डिंगच्या वॉचमनने यार्डात फोन केला आणि तुम्ही होतात तसे निघून आलात, काळीकुट्ट डांगरी घालून, केसांत लोखंडाचा भुसा. नर्सने तुम्हाला आत येऊ दिलं नाही. तुम्ही काचेपलीकडे उभे राहिलात. मला जाग आली की मी मान वळवायची आणि तुम्ही तिथेच. बसायला खुर्ची होती, पण खुर्ची मळेल म्हणून तुम्ही दिवसभर बसला नाहीत. बाळाला बघून हसण्याऐवजी तुम्ही काचेची चौकट चाचपून बघत होतात, कशी बसवली आहे ते. मला तेव्हा राग आला होता. मी मूर्ख होते. घाबरलेला माणूस आपल्याला समजणाऱ्या गोष्टीला हात लावून उभा राहतो, हे मला फार उशिरा कळलं.

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्या अजमानच्या घरी आलात तो शुक्रवार. आम्ही सुधीरकडे राहायला आलो त्याला एव्हाना बरीच वर्षं झालेली. तुम्ही चपला काढल्या आणि जेवायला न बसता फोन माझ्यापुढे धरलात. यार्डात कुणीतरी फॉरवर्ड केलेला व्हिडिओ होता. रस्त्यावर एक ट्रक एका कुशीवर पडलेला, पुढून धूर, आजूबाजूला माणसं पळताहेत, कुठल्या भाषेत ओरडताहेत ते कळत नाही. तुम्ही बोटाने पडदा मोठा केलात. जाळीची एक पट्टी दिव्यापाशी वाकवून घेतलेली होती. "ही माझी जाळी," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, खलास, पुरे झालं, ठेवा तो फोन, जेवून घ्या. तुम्ही म्हणालात, दाराकडे बघा.

मी बघितलं. मला काही दिसलं नाही, म्हणून तुम्ही सांगितलंत. एका बाजूचं दार गाडीखाली दाबलं गेलं होतं. दुसरं आकाशाकडे. ते दार गाडी उभी असताना ढकलायलाच दोन माणसं लागतात. गाडी आडवी पडली की ते डोक्यावर येतं, आतल्यांनी ते वर उचलायचं. धूर वाढत होता. तुम्ही तो व्हिडिओ पुन्हा लावलात, पुन्हा लावलात. दर वेळी तो संपेपर्यंत दार बंदच.

सई तिथेच बसली होती, आमची नात, कॉलेजातून आलेली, कानात ते पांढरं काहीतरी घालून. तुम्ही टेबलावरचा लाडवांचा डबा ओढलात. हा ट्रक, म्हणालात. डबा आडवा केलात. झाकण बाजूला आलं. तुम्ही ते अंगठ्याने उघडलंत आणि लाडू घरंगळत टेबलावरून खाली गेले.

"बघा, आले ना बाहेर," तुम्ही म्हणालात. किती खूश झाला होतात. छपराला झाकण असलं तर गाडी पडल्यावर तेच दार होतं. माणूस रांगत निघतो.

सईने कानातलं न काढता म्हटलं, "छोटे आजोबा, डोंट दे ऑलरेडी हॅव दॅट?" तुम्ही तिला मराठीतून आणि तिने तुम्हाला इंग्रजीतून, असं तुमचं जन्मभर चाललं आणि दोघांचं कधी अडलं नाही. तुम्ही सांगितलंत की कारखान्यातून नवी येते त्या गाडीला असतं. पण आपण जुन्या गाडीच्या छपरावर वरून प्लेट घालतो आणि असलेलं झाकणही बुजवून टाकतो, कारण गिऱ्हाइकाला वर भोक नको असतं. आजवर असं किती छपरांवर केलं, ते तुम्ही बोलला नाहीत. मीही विचारलं नाही.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, लाडू सांडले, आता झाडू कोण मारणार.

त्यानंतर तुम्ही त्या झाकणाच्या असे मागे लागलात की तुमच्या सुमनने गावाहून मला फोन करून विचारलं, ताई, ह्यांचं तिकडे कुणाशी काही आहे का, फोनवर लक्षच नसतं. मी म्हटलं, आहे. गोल आहे आणि दीड हात रुंद आहे. ती बिचारी हसली, मग रडली, मग म्हणाली, त्यांना म्हणावं आता परत या.

दर आठवड्याला तुम्ही मॅनेजरच्या केबिनमध्ये जायचात. तो म्हणायचा, ऑर्डरमध्ये नाही. वर भोक म्हणजे वरून काहीही आत पडेल. बिजागरी, हँडल, रबर, टाइम, कोण देणार? इस्माईल मेस्त्री तुमच्या बाजूने बोलायचे. तुमचे फोरमन, मंडणगडकडचे, आपल्याच मुलखातले. पण केबिनच्या आत गेल्यावर तेही मान खाली घालायचे. मी तर उघड विरोधात होते. मी म्हणत होते, साठी उलटली, एकेक वर्षाने व्हिसा वाढवून देताहेत, कशाला नाक खुपसता? पत्रा लावा, पगार घ्या, शुक्रवारी मासे खा. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींना फोन करून, त्यांना जरा समजवा, असंही मीच सांगितलं. हे तुम्हाला कळलं होतं. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, आणि ते मला जास्त लागलं.

शेवटचं मोठं भांडण झालं तेव्हा मी माझं जुनंच हत्यार काढलं. म्हटलं, समजा तुमच्या झाकणातून तो रांगत बाहेर आला. उठून उभा राहिला की पुन्हा बंदूकच उचलणार ना? मग तुम्ही वाचवलं कुणाला?

तुम्ही ताटाकडे बघत होतात.

"वहिनी, बाहेर पडणाऱ्याला मी विचारायला जाणार नाही, तू कुणाचा म्हणून."

आणि तुम्ही भात मागितला नाहीत.

हे भांडण इथेच राहिलं आहे. मी त्यानंतर रोज उत्तर शोधते आहे. कधी वाटतं माझंच बरोबर होतं, कधी वाटतं बरोबर असून काय करायचं होतं मला. पलीकडे कुणी राहिलं असतं तर भांडता आलं असतं.

मग ती ऑर्डर आली. जुने ट्रक, यार्डात एका रांगेत. कुठे जायचे, कुणी सांगेना. ईदच्या सुट्टीत मॅनेजर गावाला गेला, आणि छपराच्या प्लेटा अजून जमिनीवर होत्या तोवरच तुम्ही त्या सगळ्यांना भोकं पाडलीत. कुणाला विचारलं नाहीत. कडा घासून घासून अशा केल्यात की अंगठा फिरवला तरी ओरखडा उठू नये. घाबरलेला माणूस घाईत निघतो, त्याला कापता कामा नये, म्हणून. मॅनेजर आला आणि त्याने शेड डोक्यावर घेतली. हे मला नंतर मेस्त्रींनी सांगितलं. तुम्ही तेव्हा म्हणे हात मागे बांधून उभे होतात, शाळेत उभे करतात तसे. नोकरी गेलीच असं सगळे धरून चालले. पण गिऱ्हाइकाचा माणूस बघायला आला, त्याने एका ट्रकात शिरून छपरातून डोकं बाहेर काढलं, इकडे तिकडे बघितलं आणि अरबीत म्हणाला, माफी मुश्किल, म्हणजे त्यांच्यात, हरकत नाही, राहू दे.

तुम्ही मला भर कामाच्या वारी फोन केलात. कधी करत नाही ते. मागे ग्राइंडर कोकलत होता. "वहिनी, पास झालं. आतून एका हाताने उघडतं."

मला पटकन म्हणता आलं असतं, भावजी, शाब्बास. मी म्हणाले, बरं, जेवलात का?

इस्पितळातलं सगळं लिहीत नाही. इतक्या वर्षांचा धूर छातीत साठला होता, तो एकदम हिशेबाला बसला. तोंडावर तो मास्क. तुम्हाला बोलायचं असलं की तुम्ही तो एका बाजूने उचलायचात, आणि केरळची ती नर्स, नो नो अंकल, करत पुन्हा बसवायची. तुम्ही मला एवढंच सांगत होतात की आता काही काळजी नाही. भोक एकदा कापलं की कापलं. त्यावर ठिगळ मारलं तर मार बसल्यावर ठिगळच आधी सुटेल, गाडी आणखी कच्ची होईल, हे त्यांनाही कळतं, म्हणून कुणी बुजवणार नाही. "ते आता राहिलं, वहिनी," असं तुम्ही म्हणालात. तुम्हाला इतकं निवांत मी कधीच बघितलं नव्हतं.

मी तेव्हा तुम्हाला नारळाचं सांगणार होते. अगदी तोंडावर आलं होतं. तुम्हाला हसू आलं असतं, हसताना खोकला आला असता, म्हणून थांबले. म्हटलं उद्या सांगू, उद्या बरं वाटेल. आणि दुसरंही एक सांगणार होते, की झाकण चांगलं आहे तुमचं. पटलं आहे मला. भांडण माझ्या बाजूने अजून संपलेलं नाही, पण झाकण चांगलं आहे. तेही उद्यावर ठेवलं.

तुम्हाला गावी पाठवलं. कार्गोने. ते कागदपत्रांचं सगळं सुधीरने आणि मेस्त्रींनी केलं. पेटी बंद करायच्या वेळी तुमच्या दादांना पुढे जाववेना, म्हणून मी गेले. वर झाकण, बाहेरून स्क्रू. माझी नजर आपोआप आतल्या बाजूला गेली, हँडल आहे का बघायला. तुमच्या संगतीचा परिणाम. नव्हतं. मला फस्कन हसू आलं आणि ते थांबेना, आणि तिथला माणूस मला धरून बाहेर घेऊन गेला, आंटी, पानी पियो, पानी पियो म्हणत. पाणी प्यायले. पुढे काही नाही.

तुमचे दादा बोलत नाहीत. परवा मी विचारलं, आज बरं वाटतंय का? तर म्हणाले, भात वाढ. इतक्या वर्षांच्या संसारात ही खोड दोघा भावांची आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. वाढला. त्यांनी खाल्ला नाही.

सईने एकदाच विचारलं, छोटे आजोबांचे ट्रक गेले का? मराठीत विचारलं. मी म्हटलं, अजून नाही, यार्डातच उभे आहेत, जहाज मिळालं की जातील. खरं तर मीच सुधीरच्या मागे लागले होते, मला तिथे घेऊन चल म्हणून. मला एकदा त्या ट्रकात चढायचं होतं. गुडघे धड नाहीत, मला कुणीतरी ढकललं असतं. आत बसून, हात वर करून, एकदा ते झाकण उघडून बघायचं होतं. ती गाडी कुणाकडे जाणार आहे, कुणाच्या अंगावर जाणार आहे, हे माझ्या मनातून जात नाही, जाणारही नाही. तरीही वाटत होतं की तुमच्या हातचं एवढं एक काहीतरी समुद्रापलीकडे जाईल, आणि जिथे सगळंच वाईट आहे तिथे एखादा माणूस त्यातून रांगत बाहेर येईल, कुणाचा का असेना. इतकंच धरून होते.

काल दुपारी इस्माईल मेस्त्रींचा फोन आला. त्यांनी तुमच्या दादांचं बीपी विचारलं. सुमनचं विचारलं, गावी विधी नीट झाले का विचारलं. मग पुन्हा बीपीच विचारलं. मागे ग्राइंडर चालू होता. मला वाटलं तुमच्या लॉकरमधले बूट, डांगरी, असलं काही न्यायला बोलावताहेत. मी म्हटलं, बोला ना मेस्त्री. तेव्हा ते बोलले. जसंच्या तसं लिहिते:

"भाभी, कसं सांगू. गिऱ्हाइकाने फिरून निरोप दिलाय, वरची झाकणं काढा, भोकं बंद करा. मी सांगून बघितलं, ठिगळ टिकणार नाही म्हणून, पण ते म्हणतात पेंट मारला की दिसत नाही. आता दत्ताभाईंनी कापलंय इतकं साफ की मला कुणा ऐऱ्यागैऱ्याला हात लावू देववत नाही. तुमच्या गावचा एखादा चांगला वेल्डर असेल तर सांगा, व्हिसा मी काढतो."